थांबा बरोबर तीस

छापखान्यात त्याला सगळे 'अनुस्वार' म्हणत. गळलेला अनुस्वार त्याला म्हणे पाठमोरा बसूनही दिसायचा. पुस्तकांचा तीन मजली छापखाना होता आणि तिथे तो पंचवीस वर्षं मुद्रितशोधक होता. जिन्यालगतच्या खोलीत एक लांब टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एका खुर्चीवर तो, हातात लाल पेन्सिल. समोर मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचून दाखवणारी बाई. त्या कामाला कॉपीहोल्डर म्हणायचे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं. एकटा माणूस मनात वाचायला लागला की असायला हवं ते वाचतो, असलेलं वाचत नाही, म्हणून ही दोघांची रीत.

ती तिथे आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. आवाज सपाट, स्वच्छ, कुठेही घाई न करणारा. विरामचिन्हांची पूर्ण नावं घेण्यात वेळ जातो म्हणून तिने ती आखूड करून टाकली होती. स्वल्पविरामाला 'स्वल्प', अर्धविरामाला 'अर्ध', वाक्य संपलं की 'पूर्ण'. कंस आला की 'कंस उघड' आणि 'कंस मिट'. कादंबरीतली नायिका मेली तरी ती त्याच आवाजात 'डोळे मिटले पूर्ण नवा परिच्छेद' असं वाचून पुढे जायची. पहिल्यांदा त्याला हसू आवरलं नाही. चार वर्षांनी त्यांनी लग्न केलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचे छपाईवाले म्हणाले, आता घरीसुद्धा ही बोलणार आणि हा चुका काढणार. प्रत्यक्षात उलटं झालं. घरी तो फारसा बोलत नसे आणि चुका तीच काढायची.

पुढे छापखाना बंद पडला. त्याला एकोणपन्नासावं लागलं होतं, लेक कॉलेजात होती. सहा महिने हातावर हात धरून बसल्यावर ओळखीतून एका छोट्या कंपनीत काम मिळालं. रुग्णवाहिकेच्या मदतकेंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ती कंपनी. कुणी मदतीसाठी फोन केला की तो कोणत्या केंद्रावर वाजायचा, तिथे कुणी उचलला नाही तर किती सेकंदांनी पुढच्या केंद्राकडे वळायचा, हे सगळं एकेका विभागाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असे. तिला कॉन्फिग फाइल म्हणत. साधी अक्षरं, साध्या ओळी: विभागाचं नाव, जवळचं केंद्र, पर्यायी केंद्र, आणि थांबा, म्हणजे वाट बघायचे सेकंद. गिऱ्हाइकाकडून सही केलेला तक्ता कागदावर यायचा, तरुण मुलं त्यावरून फाइल भरायची, आणि ती तक्त्याशी जुळते का हे बघायला कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसणारा हवा होता. टीमची प्रमुख चाळिशीची बाई होती, सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठा असून तोही म्हणू लागला. ताईने पहिल्याच दिवशी विचारलं, कॉम्प्युटर किती येतो? तो म्हणाला, मला चूक दिसते. ताईला ते पुरेसं वाटलं.

ऑफिसात मोठ्याने वाचणारं कुणी नव्हतं. म्हणून फाइली छापून तो घरी नेऊ लागला. ताईला वाटे, शांतता मिळावी म्हणून नेत असेल. बायको वाचते हे त्याने कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याला काही वाटलंही नाही, वाचल्याशिवाय तपासणं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळचा चहा झाला की ती चष्मा पुसायची, फाइलचे कागद घ्यायची. तो सहीचा तक्ता पुढ्यात ओढायचा. 'जवळचं केंद्र बरोबर चार. पर्यायी केंद्र बरोबर सात. थांबा बरोबर तीस. पूर्ण.' बरोबर म्हणजे मधल्या दोन आडव्या रेघा. ती वाचायची, तो तक्त्यावर बरोबरची खूण करायचा. चाळीस विभाग असले तर चहापासून जेवणापर्यंत वेळ जायचा. शेजारीण एकदा दारात थबकून म्हणाली, तुम्ही दोघं कसला जप करता हो? लेकीच्या मैत्रिणींचे आईवडील टीव्हीवरून भांडायचे. यांच्या घरी भांडण झालंच तर एवढंच, की ती 'पर्यायी' दरवेळी पूर्ण म्हणणार का नुसतं 'पर्या' म्हणणार.

अशी सात वर्षं गेली. त्याच्या हातून एकही चुकीची फाइल बाहेर गेली नाही. नवीन मुलं कौतुकाने म्हणायची, काकांनी खूण केली म्हणजे दगडावरची रेघ.

आठव्या वर्षी, एका सोमवारी, ताईने त्याला आत बोलावलं. तिच्यासमोर एकच कागद होता. सतराव्या विभागात थांब्याचा आकडा तीसऐवजी तीनशे गेला होता. एका घरातून फोन आला. म्हाताऱ्या माणसाला श्वास घेता येत नव्हता, सून फोन धरून उभी होती. जवळच्या केंद्रातला माणूस दुसऱ्या फोनवर होता. फोन तीस सेकंदांत पुढे वळायला हवा होता, तो पाच मिनिटं तिथेच वाजत राहिला. माणूस वाचला. पाच मिनिटांनी फारसा फरक पडला नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मुद्रितशोधक म्हणून शब्दांवर जगलेला तो, त्याच्या मनात 'फारसा' हा शब्द रुतून बसला.

ताई ओरडली नाही. तिने नुसतं विचारलं, हे तुमच्या नजरेखालून गेलं होतं ना? तो म्हणाला, गेलं होतं. माझ्याकडून सुटलं.

त्या दिवशी घरी येऊन त्याने जुने कागद काढले. सतराव्या विभागाच्या फाइलवर 'थांबा = ३००' स्पष्ट छापलेलं होतं. तक्त्यावर तीस होतं, त्याशेजारी त्याच्या लाल पेन्सिलीची खूण. म्हणजे तिने तीस वाचलं होतं. माणूस चुकतो, एखादं शून्य नजरेतून जातं, असं त्याने स्वतःला समजावलं. तरी चहा झाल्यावर, सहज म्हणून, तेच पान त्याने तिच्यापुढे ठेवलं आणि वाच म्हणाला.

तिने वाचलं. 'थांबा बरोबर तीस. पूर्ण.'

त्याने तिला पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा तीस वाचलं. मग त्याने त्या आकड्याखाली बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "इथे काय आहे?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि कप उचलून आत गेली. आत नळ वाहत राहिला. कप धुवायला इतकं पाणी लागत नाही हे त्याला कळत होतं, पण उठवेना.

तिच्या चष्म्याचा नंबर त्या वर्षी दोनदा बदलला होता. तिसऱ्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांनीच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळे ठणठणीत आहेत, ते म्हणाले. मेंदूच्या डॉक्टरांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, वर्तमानपत्र वाचायला दिलं, वस्तूंची नावं विचारली. मग त्याला बाजूला घेऊन सांगितलं की वाचण्याचा जो भाग असतो तो झिजत चालला आहे. आधी अक्षरं जातील, मागून शब्द, पुढे बाकीचं. औषधाने थांबणार नाही, थोडं रेंगाळेल. वाचायला आवडत असेल तर वाचू द्या, दमवू नका.

ऑफिसात त्याने यातलं काही सांगितलं नाही. ताईने मात्र ठरवलं होतं की फाइली यापुढे माणसाच्या भरवशावर सोडायच्या नाहीत. कुणी फाइलमध्ये बदल केला की चाचण्या आपोआप चालतील, त्यांतली पहिली चाचणी फाइल तपासण्याची, आणि ती पास झाल्याखेरीज बदल पुढे सरकणार नाही. त्यासाठी मोठं काही नको, एक साधी शेल स्क्रिप्ट पुरे. म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम, तो ते वरून खाली पाळत जातो. काम एका इंजिनियरला द्यायचं चाललं होतं. तेव्हा हा उभा राहिला. म्हणाला, नियम मला माहीत आहेत. मीच लिहितो.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस असलं काही मागतो तेव्हा त्याला हो म्हणणं अवघड आणि नाही म्हणणं त्याहून अवघड. ताईने दीड महिना दिला.

दीड महिना त्याने शाळकरी पोरासारखा अभ्यास केला. एक मोकळी जागा जास्त पडली तर स्क्रिप्ट अडते आणि एक अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं तर पुढचं सगळं गिळून टाकते, याचं त्याला मुळीच नवल वाटलं नाही. छापखान्यात तरी दुसरं काय होतं? हळूहळू ती साठ ओळींची झाली. एकेक फाइल घ्यायची. चारही नोंदी आहेत का ते शोधायचं. एखादी नोंद दोनदा नाही ना? बरोबरच्या पुढे जागा रिकामी तर नाही? केंद्राचा क्रमांक केंद्रांच्या यादीत आहे का? थांब्याचा आकडा दहा ते साठच्या आत आहे का? चूक दिसली की फाइलचं नाव आणि ओळ सांगायची.

ताईसमोर त्याने ती पहिल्यांदा चालवली तेव्हा मुद्दाम एक बिघडवलेली फाइल दिली. पडद्यावर चूक नीट छापून आली. पण चाचणीच्या रकान्यात हिरवी खूण. पास. त्याला उमगेना. ताईने समजावलं की स्क्रिप्ट संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे सगळं ठीक, एक म्हणजे बिघाड. चाचणीची यंत्रणा तेवढा आकडाच बघते, पडद्यावर काय लिहिलंय ते ती वाचत नाही. याने शेवटच्या ओळीत 'तपासणी संपली' एवढं छापलं होतं, ते छापणं सुरळीत झालं, म्हणून शून्य गेलं.

"चूक सापडते, काका," ताई म्हणाली, "पण ती जिथे सांगायची तिथे सांगत नाही."

त्याने मान हलवली. चूक सापडली की ती एका जागी लक्षात ठेवायची आणि शेवटी तिच्यासकट बाहेर पडायचं, अशा तीन ओळी त्याने वाढवल्या. मग सतराव्या विभागाची ती जुनी फाइल काढली आणि स्क्रिप्टला दिली. बोट कळफलकावरून उचलायच्या आत उत्तर आलं: सतरावा विभाग, ओळ चौथी, थांबा तीनशे, साठपेक्षा जास्त. रकान्यात लाल खूण. आजूबाजूची मुलं टाळ्या वाजवू लागली. तो कसाबसा हसला, स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात न बघता बाहेर आला. आपण बायकोच्या जागी दुसरं कुणी आणून बसवलं, असं काहीसं त्याला वाटलं, आणि ते कुणाला बोलून दाखवण्याजोगं नव्हतं.

त्या दिवसापासून घरी कागद नेण्याचं कारण उरलं नाही. पण तो नेत राहिला. मोठ्या टाइपात छापून, ओळींत जागा सोडून. चहा झाला की ती वाचायची. कधी चारातली एक ओळ नीट यायची, कधी एकही नाही. तो तक्ता पुढे ओढून खुणा करत राहायचा. जन्मात कधी न तपासता खूण केली नव्हती, ती तो आता रोज करू लागला. लेक परगावी नोकरीला होती, ती फोनवर म्हणायची, बाबा, आईला कशाला राबवता? तो म्हणायचा, तिला बरं वाटतं.

तीनचार महिन्यांनी एका संध्याकाळी ती दुसऱ्या ओळीवर अडली. तो नेहमीसारखा खाली मान घालून बसला होता. तिने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "अहो, मी वाचते ते कुणी हिशेबात धरतं का?"

त्याला पटकन खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तर बोलला असता.

"नाही," तो म्हणाला. "ऑफिसात एक स्क्रिप्ट आहे. ती तपासते."

"कुणी लिहिली?"

"मी."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. पण ती विचारत गेली, छापखान्यात नवीन लेखकाविषयी विचारायची तशी. ते वाचतं कसं? तो म्हणाला, वाचत नाही, शोधतं. 'थांबा' शब्द सापडला की त्यापुढचा आकडा उचलतं. म्हणजे अर्थ कळत नाही त्याला? नाही कळत. तिला त्यावर थोडं हसू आलं. म्हणाली, मला तरी कुठे कळायचा? जाडजूड तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचली तुमच्यासाठी, स्वल्प आणि अर्ध सोडून काही समजलं असेल तर शपथ. दोघंही हसली. घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

मग ती टेबलावरच्या कागदाची कडा बोटाने सरळ करत राहिली.

"पण त्याला जमलं नाही तर ते सांगतं ना?"

"सांगतं."

"मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "त्या तीनशेच्या वर्षभर आधीपासून अक्षरं दिसायची, पण हाती लागायची नाहीत. पाठ होतं म्हणून म्हणत गेले. वाटलं, हे गेलं तर तुम्ही संध्याकाळी माझ्याबरोबर बसाल कशाला?"

असल्या वेळी बोलायचं असतं ते शब्द त्याने हजारो पानांत तपासले होते, त्यांतला एकही तोंडावाटे निघाला नाही. त्याने हात पुढे करून तिचा हात धरला तेवढाच. त्या सोमवारी रात्री त्याने जेमतेम सांगितलेल्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, ते तिने विचारलं. तो वाचला, असं त्याने सांगितलं. डॉक्टरांचं वाक्य सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कागद आणले नाहीत. चहा झाला की दोघं खिडकीशी बसत. पुढे करायचं काय ते दोघांनाही कळत नसे, तरी तो उठायचा नाही. अंधार पडून दिवा लावायची वेळ व्हायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने सगळं होत गेलं. त्यात तरी चूक निघावी असं त्याला फार वाटायचं. वस्तूंची नावं गेली. ती 'ते' म्हणायची आणि तो खोलीभर नजर फिरवून ते कोणतं याचा अंदाज घ्यायचा. मग लेकीचं नाव गेलं. लेकीने फोनवर ते हसण्यावारी नेलं आणि त्याच आठवड्यात रजा टाकून आली. आईचे केस विंचरताना ती मागे उभी राहून रडली, म्हणजे आईला दिसू नये. आईने मागे हात नेऊन तिच्या मनगटावर थोपटलं. नाव गेलं होतं, माणूस कुठेतरी शिल्लक होता.

तिला एकटीला ठेवणं धोक्याचं झालं तेव्हा त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी नवीन माणसाला त्याने स्क्रिप्ट ओळीओळीने समजावून दिली. साठ ओळींच्या आता दोनशे झाल्या होत्या, बऱ्याचशा दुसऱ्यांनी लिहिलेल्या. लवकरच तिच्या जागी कुठलंसं तयार साधन येणार होतं. ताईने ते त्याला जरा चाचरतच सांगितलं. तो म्हणाला, येऊ दे की, चांगलं असेल. मग त्याने दार लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं: घरी कोण वाचत होतं, आणि त्या दिवशी तीस कुणी म्हटलं होतं.

ताईने पुढ्यातले कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "हे तेव्हा सांगितलं असतं तर मी तुमच्यावर डाग राहू दिला नसता."

"मग तो तिच्यावर पडला असता," तो म्हणाला. "आणि खूण माझीच होती, ताई."

चौदा महिने त्याने तिचं सगळं केलं. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, कूस बदलणं. सुरुवातीला भाताचा गिचका व्हायचा, मग जमू लागला. ती शेवटी शेवटी काहीच बोलत नसे, फक्त तो खोलीत आला की तिची नजर त्याच्याबरोबर फिरायची, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

ती गेली ती साध्या एका बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास. तो तिचं अंग पुसायला पाणी तापवत होता. आतून श्वासाचा आवाज यायचा तो आला नाही. त्याला कळलं. पातेलं शेगडीवर खदखदत होतं. त्याने आधी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले, आणि मग तिच्याकडे गेला.

लेक आली, तेरा दिवस राहिली, चल माझ्याबरोबर म्हणाली. तो येतो येतो म्हणत राहिला आणि गेला नाही. निघायच्या दिवशी पिशव्या दारात ठेवून ती त्याच्याजवळ येऊन बसली, तेव्हा त्याने तिला गॅसची गोष्ट सांगितली. म्हणाला, एवढं मला कळत नाही, मी आधी तिच्याकडे का नाही गेलो. लेक त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा, त्याने काही फरक पडला नसता, ती म्हणाली. फारसा हा शब्द तिने वापरला नाही, हे त्याच्या लक्षात आलं. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तिने पिशव्या उचलल्या, आणि तो जिन्यापर्यंत तिच्या मागोमाग गेला.